घर बांधताना स्मार्ट होमची वायरिंग: स्लॅब भरायच्या आधी काय काय टाकून घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाईजवळ आई-बाबांसाठी घर बांधतोय. तळमजला, वर एक मजला आणि गच्ची. पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग होत आलंय. लोखंड बांधायला घेतलं की वायरमन पाइप टाकायला येईल, म्हणजे ठरवायचं ते आत्ताच.

आर्किटेक्टच्या नकाशात दिवे, पंखे, प्लग आणि एसीचे पॉइंट आहेत, टीव्हीच्या जागी एक केबल पॉइंट आहे, बाकी काही नाही. दुसरीकडे एका ऑटोमेशनवाल्याने अख्ख्या घराचं कोटेशन दिलंय: पडदे, रंग बदलणारे दिवे, प्रत्येक खोलीत भिंतीवर टचस्क्रीन. मला या दोहोंच्या मधलं काहीतरी हवंय. टाकी भरली की मोटर बंद व्हावी, फाटकावर कोण आलंय ते बाबांना खुर्चीतून दिसावं, रात्री आई उठली की वाटेतला दिवा लागावा, आणि आम्ही दोघं पुण्यात असतो तर तिकडून घरावर लक्ष ठेवता यावं.

आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट हमखास जाते, कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. व्होल्टेजही खाली-वर होतं. हे लक्षात ठेवून सांगा: स्विचबोर्डात न्यूट्रल लागतोच का? नेटवर्कची केबल सगळीकडे टाकावी की वायफायवर भागेल? आणि आत्ता नेमकं काय केलं नाही तर पुढे भिंती फोडाव्या लागतील?

तारतंत्री

दादा, वेळेवर विचारलंत. माझा धंदाच वायरिंगचा आहे, सांगली भागात कामं करतो, तेव्हा साइटवरचं सांगतो.

उपकरणांचा विचार सध्या बाजूला ठेवा. भिंतीतला पाइप कटर मारून बदलता येतो, स्लॅबमधला पुन्हा हाताला लागत नाही. दिव्यांसाठी नेहमीचा २० मिमी ठीक, पण डीबीकडून, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पॅनेलकडून, निघणारे मुख्य पाइप आणि नेटवर्कचे पाइप २५ मिमीचेच घ्या. पाइप मीडियम ग्रेडच्या खालचा नको. स्लॅबवर गवंडी, लेबर, काँक्रीटच्या पाट्या, व्हायब्रेटर, सगळ्यांचे पाय त्याच्यावर पडतात. हलका पाइप चेपतो आणि ते कळतं वायर ओढताना, म्हणजे फार उशिरा.

पाइप खालच्या लोखंडाच्या वर येऊ द्या आणि बाइंडिंग तारेने बांधून घ्या. पाच-सहा पाइप एकमेकांना चिकटून नेऊ नका, मध्ये खडी शिरली पाहिजे, नाहीतर तिथे स्लॅब पोकळ राहतो. वळणाला काटकोनी एल्बो अजिबात नको, लांब बेंडच टाका. दोन बॉक्सच्या मध्ये दोनापेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये आणखी एक जंक्शन बॉक्स द्या.

आता न्यूट्रल. आपल्याकडे दिव्याचा फेज स्विचमधून जातो आणि न्यूट्रल थेट दिव्याला. ज्या बोर्डात प्लग आहे तिथे न्यूट्रल असतोच. राहून जातो तो जिन्याच्या टू-वे स्विचला, बेडजवळच्या छोट्या बोर्डाला, बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डाला. स्मार्ट स्विचला स्वतः चालायला थोडी वीज लागते. न्यूट्रल नसेल तर तो ती दिव्यातूनच ओढतो, आणि मग कमी वॉटचा एलईडी बंद करूनही मिणमिणत राहतो. म्हणून वायरमनला आजच सांगा की प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ दोन्ही हवेत. जिन्याच्या दोन स्विचच्या मध्ये एक जादा वायरही टाकून ठेवा.

बोर्डाचे बॉक्स खोल घ्या. स्विचच्या मागे रिले, म्हणजे फोनवरून दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी, बसवायचा तर उथळ बॉक्समध्ये वायरी कोंबाव्या लागतात, त्या तापतात.

चौथा_मजला

तारतंत्रींचा प्रतिसाद प्रिंट काढून साइटवर लावण्यासारखा आहे. मी नेटवर्कचं बोलतो, माझं रोजचं काम तेच.

वायफाय की केबल, असा प्रश्नच नाही. वायफाय चांगलं हवं म्हणूनच केबल हवी. आरसीसीच्या स्लॅबमधून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा जात नाही. तळमजल्यावरचा राउटर वरच्या बेडरूमला पुरणार नाही. प्रत्येक मजल्यावर साधारण मध्यभागी, छताला, एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, येईल अशा बेताने कॅट-६ केबल उतरवा. ती थेट रॅकपर्यंत, म्हणजे राउटर वगैरे ठेवायच्या कपाटापर्यंत, अखंड हवी, मध्ये जोड नको, एका पॉइंटवरून दुसऱ्याला पुढे ओढलेली नको. प्रत्येक पॉइंटची स्वतंत्र केबल, सगळ्यांची दुसरी टोकं एकाच जागी.

कॅट-६ वर एक गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत मिळतो. बंगल्यात एवढं अंतर कुठेच होत नाही, त्यामुळे त्याहून महागड्या केबलच्या मागे लागू नका. तो पैसा शुद्ध तांब्यासाठी ठेवा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते आणि बॉक्सवर कॅट-६ च लिहिलेलं असतं. आतली एक तार काढून ब्लेडने खरवडा. पांढरी चमक दिसली तर बॉक्स परत करा. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज देऊन कॅमेरे चालवायचे असतील तर तो फरक नडतो.

फाटकाचा कॅमेरा, डोअरबेल आणि छतावरचे ॲक्सेस पॉइंट पीओईवर घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मग रॅकमधल्या एका नेटवर्क स्विचला (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डब्याला) इन्व्हर्टर दिला की लाइट गेली तरी सगळं चालू राहतं. कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागत नाही, गच्चीच्या कठड्यावर अडॅप्टर पावसात भिजत नाही.

केबल विजेच्या वायरींच्या पाइपातून कधीही नेऊ नका. शेजारून जाताना सहा-आठ इंच अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

रॅकची जागा: जिन्याखाली चालेल, पण हवा खेळती हवी आणि ओल नको. इंटरनेटवाल्याची फायबर खांबावरून कुठल्या कोपऱ्यात येणार ते पाहून तिथून रॅकपर्यंत एक रिकामा पाइप आत्ताच टाका. हे विसरलं की तो माणूस येऊन नव्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो.

तारतंत्री

एक मुद्दा. प्रत्येक खोलीत दोन-दोन केबली टाकायच्या म्हटलं की खर्च वाढतो आणि त्यातल्या निम्म्या कधी वापरल्या जात नाहीत. माझं मत, जिथे खात्री आहे तिथे केबल ओढा, बाकी ठिकाणी रिकामा पाइप आणि आत ओढायची तार ठेवून बॉक्सवर झाकण लावा.

चौथा_मजला

पाइप रिकामा ठेवण्याबद्दल मान्य. पण टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या टेबलाजवळ एक आणि छतावरचे, एवढ्या केबली आत्ताच ओढून टाका. घरात राहायला गेल्यावर वायरमनला पुन्हा बोलावणं होत नाही. आणि २५ मिमीच्या पाइपातून चारपेक्षा जास्त कॅट-६ नेऊ नका, ओढताना ताण बसून आतले पीळ सुटतात.

जांभा

मी रत्नागिरीकडचा. वरती सगळं छान लिहिलंय, पण अर्थिंग आणि व्होल्टेजबद्दल कुणी बोललं नाही. स्मार्ट घरात प्रत्येक स्विचमागे एक छोटी सर्किट प्लेट असते. साधा स्विच विजेचा झटका पचवतो, ही पचवत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली, वीज पडल्यावर लाइनवरून येणारा क्षणभराचा झटका. त्यासाठी डीबीत सर्ज प्रोटेक्टर, ज्याला एसपीडी म्हणतात, टाइप-२ चा. तो झटका जमिनीत सोडतो, म्हणून अर्थिंग खराब असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा लाइनवर कुठेतरी न्यूट्रल तुटणं. तेव्हा तुमच्या २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतं, आणि क्षणभर नाही, लाइन बंद होईपर्यंत. एसपीडी अशा वेळी स्वतःच जळतो. आमच्या वाडीत एका पावसाळ्यात असं झालं आणि चार घरांतले फ्रिज, टीव्ही, पंपाचे स्टार्टर एका संध्याकाळी गेले. ज्या घरात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर होता तिथे काही झालं नाही. तो ठरावीक व्होल्टेजच्या वर किंवा खाली गेलं की सप्लाय तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोडं थांबून जोडतो. कृष्णाकाठ, तुमच्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं असं तुम्हीच लिहिलंय. डीबीत त्याची जागा सोडा.

अर्थिंग पाया भरायच्या वेळीच करायला हवं होतं असं समजू नका, आताही होतं. पण खड्डा किंवा रॉड अशा जागी घ्या जिथे पुढे फरशी येणार नाही आणि उन्हाळ्यात पाणी घालता येईल. टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत यायला हवं. आमच्या जांभ्यात हे फार कठीण जातं, तुमच्याकडच्या काळ्या मातीत सोपं जाईल. सोलरचं, सर्जचं, घराचं अशी अर्थिंग वेगवेगळी केली तरी शेवटी ती एका तांब्याच्या पट्टीवर जोडलेली असू द्या.

फाटक घरापासून लांब असेल तर तिथपर्यंत तांब्याच्या केबलऐवजी फायबर न्या. अंगणातून गेलेली लांब तांब्याची तार विजेचा झटका थेट रॅकमध्ये आणते. फायबरमधून तो येत नाही. पण त्यातून वीजही जात नाही, म्हणून फाटकाच्या कॅमेऱ्याला विजेची वायर वेगळी लागेल.

मोगरा

मी तांत्रिक माणूस नाही. पण सासूबाईंची आणि आईची, दोघींची वर्षानुवर्षं सेवा केली आहे, तेव्हा घरातली म्हातारी माणसं कशी वावरतात ते जवळून पाहिलंय. त्यावरून सांगते.

कृष्णाकाठ, तू आईच्या रात्रीच्या दिव्याचं लिहिलंस म्हणून फार बरं वाटलं. तो दिवा छताला नको. झोपेतून उठल्यावर डोक्यावरचा उजेड डोळ्यांवर येतो, तोल जातो. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला पायाच्या उंचीवर छोटे दिवे लाव. हालचालीवर लागणारे घे, पण सेन्सर पलंगाकडे तोंड करून नको, कूस बदलली तरी दिवा लागेल.

बाथरूममध्ये कमोडजवळ, बसल्या जागी हात पोहोचेल असं मदतीच्या घंटेचं बटण हवं. आणि पडलेल्या माणसाला जमिनीवरून ओढता येईल अशी दोरी. बिनतारी बटणं मिळतात, पण त्यांचा सेल नेमका कधी संपला ते कुणाला कळत नाही. त्यासाठी वायर टाक.

प्लग जमिनीपासून एक फुटावर ठेवतात, वाकून चार्जर लावताना म्हातारी माणसं पडतात. दोन-अडीच फुटांवर घे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक दिव्याला हाताने दाबायचा साधा स्विच, नेहमीच्या जागी, राहू दे. आई-बाबांनी फोन काढून दिवा लावावा अशी अपेक्षा ठेवू नकोस.

कृष्णाकाठ

मोगराताई, कमोडजवळच्या बटणाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आजच आर्किटेक्टला कळवतो. जांभा, फाटक घरापासून बरंच लांब आहे, फायबरचं पक्कं केलं.

एक विचारायचं होतं. तो ऑटोमेशनवाला केएनएक्स (घर ऑटोमेशनची एक वायरवरची पद्धत) घ्याच म्हणतोय. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाकी सगळं पाच वर्षांत भंगार होतं.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो, मूळचा कराडचा. इथे केएनएक्स खूप घरांत आहे आणि मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे आधी त्याची बाजू मांडतो. हिरव्या रंगाची दोन तारांची बस केबल घरभर फिरते, तिच्यात साधारण ३० व्होल्ट डीसी असतं. भिंतीवरचं बटण फक्त संदेश पाठवतं, प्रत्यक्ष दिवा चालू-बंद होतो पॅनेलमधल्या रिलेवर. मध्यवर्ती कंट्रोलर नाही, इंटरनेट नाही, आणि एका कंपनीचं बटण दुसऱ्या कंपनीचा रिले चालवतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अशा जोडण्या आजही चालू आहेत, म्हणजे तो विक्रेता टिकाऊपणाबद्दल खोटं बोलत नाहीये.

पण यासाठी वायरिंगची रचनाच वेगळी लागते. प्रत्येक दिव्याची वायर थेट पॅनेलपर्यंत येते आणि भिंतीवरच्या बटणापर्यंत २३० व्होल्ट जातच नाही. उद्या यंत्रणा बिघडली आणि साधे स्विच लावावेत म्हटलं तर तिथे वायरच नसते. शिवाय एक दिवा दुसऱ्या बटणावर न्यायचा तरी लॅपटॉपवर त्याचं सॉफ्टवेअर चालवणारा माणूस लागतो. इथे तो कोपऱ्यावर मिळतो. वाईत रविवारी आईचा दिवा लागत नसेल तर कोण येणार, हे त्या विक्रेत्याला लेखी विचारा.

तुमच्या गरजा पाहता मी नेहमीच्या भारतीय पद्धतीची वायरिंग, बोर्डात न्यूट्रल आणि स्विचमागे रिले, याच बाजूने आहे. रिले असा जोडता येतो की वायफाय बंद, इंटरनेट बंद, हब (उपकरणांना एकत्र जोडणारा डबा) बंद, तरी भिंतीवरचा स्विच दिवा लावतोच. रिले जळला तर गावातला कुठलाही वायरमन तो काढून वायर थेट जोडून देईल.

आणि विकत घेताना एकच चाचणी लावा: इंटरनेट काढून टाकल्यावर हे चालतं का? रिव्हॉल्व्ह नावाचा हब २०१६ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर लोकांच्या घरात निरुपयोगी होऊन पडला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर असेच पूर्वसूचना न देता बंद झाले. ते काही महिन्यांत पुन्हा सुरू झाले, पण वापरणाऱ्यांनीच पुढे येऊन ती मालमत्ता विकत घेतली म्हणून. २०२२ च्याच ऑक्टोबरात मॅटर हे सामायिक मानक आलं, त्यावर चालणारी उपकरणं घरातल्या घरात एकमेकांशी बोलतात. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअरही एका छोट्या संगणकावर घरातच चालतं. यातलं काय घ्यायचं ते राहायला गेल्यावर ठरवा. तोपर्यंत बाजार आणखी बदललेला असेल.

अंगणवेल

वाचनखूण साठवली. आमचंही नाशिकला काम निघणार आहे. एक शंका, बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे घ्यायचे असतील तर रेग्युलेटर लागतो का?

तारतंत्री

नाही ताई. त्यांचा वेग रिमोटवर किंवा आतल्या सर्किटवर बदलतो, सप्लाय पूर्ण २३० चाच लागतो. साधा स्विच द्या. रेग्युलेटर किंवा डिमर मध्ये आला तर पंख्याचं सर्किट खराब होतं. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आसपास, त्यामुळे इन्व्हर्टरवर फार फरक पडतो.

इन्व्हर्टरवरून आठवलं. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळाच ठेवा. घाईत वायरमन जवळच्या बोर्डातला न्यूट्रल उचलतात आणि मग आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच, सारखा ट्रिप होतो. कंटाळून लोक आरसीसीबीच काढून टाकतात. तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो, तो काढू देऊ नका.

कृष्णाकाठ दादा, रॅक, पायाजवळचे दिवे, बाथरूमची घंटा आणि फाटक, हे सगळं इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्या. मोटर नको.

जांभा

मोटरवरून टाकीचं. गच्चीवरच्या टाकीपासून पंपापर्यंत आणि खालच्या टाकीपासून पंपापर्यंत, असे दोन वेगळे पाइप टाका, विजेच्या पाइपापासून स्वतंत्र. त्यातून कमी व्होल्टेजची चार तारांची केबल. पाण्यात बुडणारे धातूचे सेन्सर बोअरच्या जड पाण्यात क्षार चढून बंद पडतात, चुंबकाचा फ्लोट स्विच टिकतो. खालची टाकी रिकामी असेल तर मोटर चालू होऊ नये, हेही त्याच जोडणीत येतं. ही यंत्रणा वायफायशिवाय स्वतःची चालली पाहिजे, फोनवर फक्त दिसावं.

गच्चीवरून डीबीपर्यंत सोलरसाठी मोठा पाइप आत्ताच ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे, आज ना उद्या तुम्ही बसवणारच. पाइप नसेल तर केबल नव्या रंगाच्या भिंतीवरून खाली येते.

चौथा_मजला

गाडी लावायच्या जागेपर्यंतही जाडा पाइप टाका. इलेक्ट्रिक गाडीचा ७.४ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो, त्याला ६ चौरस मिमीची तांब्याची वायर लागते. नेहमीच्या प्लगच्या वायरवर ते झेपणार नाही. तसंच पेव्हर ब्लॉक बसायच्या आधी घरापासून फाटकापर्यंत दोन पाइप, एक विजेचा, एक फायबरचा.

मोगरा

स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा सेन्सर कुठे लावणार? आमच्याकडे तो वर, चिमणीशेजारी लावून गेले होते.

चौथा_मजला

सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. सेन्सर जमिनीपासून फूटभराच्या आत हवा. पाइपने येणारा गॅस हलका असतो, त्याचा सेन्सर वर. वाईच्या घरी सिलेंडर असेल तर ओट्याखाली सिलेंडरच्या बाजूला त्याचा पॉइंट काढा. मोगराताई, तुमच्याकडे सिलेंडर असेल तर तो सेन्सर आजच खाली हलवून घ्या, वर लावलेला वेळेवर वाजणार नाही.

कृष्णाकाठ

अपडेट देतो. आर्किटेक्ट आणि वायरमन दोघांना एकत्र बसवलं. केएनएक्स आणि टचस्क्रीनचं कोटेशन परत केलं. त्यातले थोडे पैसे तांब्याच्या केबलला, अर्थिंगला, व्होल्टेज प्रोटेक्टरला आणि मोठ्या डीबीला वळवले. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल हे नकाशावर लाल पेनाने लिहून घेतलं. वायरमन पॉइंटप्रमाणे पैसे घेतो, त्यामुळे रिकाम्या पाइपांचं काय हा प्रश्न आला. त्यांचा दर फुटावर ठरवला, म्हणजे त्याचंही नुकसान नाही आणि पाइप गाळले जाणार नाहीत.

बाबांनी एकच अट घातली आहे: देवघरातला दिवा कशालाही जोडायचा नाही, तो साधाच राहील. मान्य केलं.

बुधवारी स्लॅब आहे. त्या दिवशी काय पाहू?

तारतंत्री

आदल्या संध्याकाळी जा, उजेड असताना. प्रत्येक पाइपाच्या जोडाला सोल्युशन लावलंय का ते हाताने ओढून पाहा. पाइपांची उघडी तोंडं आणि फॅन बॉक्स टेपने, कॅपने नीट बंद करून घ्या, कागदाचे बोळे ओले झाले की आत सिमेंटचं पाणी उतरतं. जिथून जिथून पाइप खाली उतरतो तिथे भिंतीची ओळ बरोबर आहे ना ते टेप लावून तपासा, चार इंच सरकलेला पाइप नंतर खोलीच्या मध्यात लोंबतो.

मग फोटो. जमिनीवर मोजपट्टी पसरून, प्रत्येक खोलीचे कोपऱ्यापासून काढा, व्हिडिओही घ्या. पुढे पंखा, झुंबर, पीओपी, कशासाठीही ड्रिल मारायचं झालं की हेच फोटो लागतील. गिलाव्याच्या आधी भिंतींचेही असेच काढा.

काँक्रीट चालू असताना वायरमनचा एक माणूस शेवटच्या पाटीपर्यंत वर उभा ठेवा. पाइप निसटला तर तो तेव्हाच जागेवर बसवता येतो. आणि सेंट्रिंग काढलं की लगेच, वायर यायची वाट न बघता, प्रत्येक पाइपातून स्प्रिंग घालून बघा.